शेऱ्याचा रकाना

दुर्बीण घरात एकटी येत नाही, हे लग्नाच्या आधी मुलींना कुणीतरी सांगायला हवं. तिच्यामागून तिची तिवई येते, मग डोळ्याला लावायच्या बारक्या भिंगांची पेटी येते, मग पेटी ठेवायला कपाट येतं, आणि कपाटाला जागा हवी म्हणून माणसं एकेक पाऊल मागे सरकतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशातली गत. दुर्बीणकाकांच्या घरात हे तीस वर्षं चाललं होतं, आणि काकूंनी कधीच हात टेकले होते.

काका चष्म्याच्या दुकानात कामाला. पुढे काउंटरवर नव्हे, मागच्या खोलीत. नंबराची चिठ्ठी आली की भिंग काढायचं, चाकावर त्याची कड घासायची, फ्रेममध्ये बसवायचं आणि फडक्याने पुसून पुढे पाठवायचं. पहिली दुर्बीण त्यांनी दुकानातल्याच एका वाया गेलेल्या भिंगातून आणि कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीतून केली. चंद्रावरचे खड्डे दिसले तेव्हा त्यांनी नवीन लग्नाच्या बायकोला हाताला धरून आणलं. काकूंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "जवळून बघितलं की कुणाचंच काही खरं नाही."

काका त्यावर दोन दिवस हसत होते. माणूस तसा साधा होता, फक्त हौस साधी नव्हती. पुढच्या वर्षी मधल्या खोलीत एक लोखंडी पिंप आलं. त्याच्यावर काचेची एक जाड तबकडी, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली पूड, आणि काका पिंपाभोवती गोल गोल फिरत तबकडी तबकडीवर घासताहेत, असे तीन महिने गेले. सहा इंची आरसा झाला. मग सहा इंची पुरेना म्हणून दहा इंची. दहा इंचीच्या लाकडी खोक्यासाठी पलंग भिंतीला गेला आणि काकूंचं कपड्यांचं कपाट जिन्याखाली. शेवटी गच्चीवर पत्र्याची एक खोली उभी राहिली, तिचं छप्पर फाटकाच्या चाकांवर मागे सरकत असे. छप्पर सरकायला लागलं की सगळ्या गल्लीला कळायचं की आज आभाळ स्वच्छ आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, ते दुसरं कुणीतरी देत असतं.

पण काकूंना नुसतं सोसणारी बाई समजू नका. त्या या धंद्यात अर्ध्याच्या भागीदार होत्या. काका ताऱ्यांचं तेज मोजत. काही तारे कमी-जास्त होत राहतात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, आणि शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून आकडा सांगावा लागतो. हिशोब उलटा असतो, तारा जितका तेजस्वी तितका आकडा लहान. काका आकडा सांगत, काकू वहीत लिहीत. कारण एकदा पांढऱ्या दिव्यात वहीवर नजर गेली की अंधाराला सरावलेला डोळा अर्धा तास कामाचा राहत नाही. म्हणून ज्या संध्याकाळी आभाळ उघडं असे त्या संध्याकाळी सूर्य बुडला की घरात लाल बल्बशिवाय दिवा लागत नसे. काकू दिवसाउजेडी स्वयंपाक उरकून घेत आणि गच्चीवर स्टुलावर बसत, मांडीवर वही, हातात लाल कागद बांधलेली बॅटरी.

त्या दोघांचे नियम होते, आणि ते कायद्यापेक्षा कडक होते. काका आकडा एकदाच सांगणार. काकू तो मोठ्याने परत म्हणणार. काका "लिही" म्हणाले तरच शाई कागदाला लागणार. जुना आकडा काकूंनी कधी सांगायचा नाही आणि काकांनी वहीत कधी बघायचं नाही, कारण कालचा आकडा डोक्यात असला की डोळा आज तोच बघतो. महिनाअखेरी काकू आकडे छापील तक्त्यावर उतरवत, काका नुसती सही करत, आणि तक्ता तारे मोजणाऱ्या निरीक्षकांच्या मंडळाकडे जाई. आणि शेवटचा नियम, सगळ्यांत मोठा: लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं असलं तरी राहू द्यायचं, कारण आज जे चुकीचं वाटतं तेच उद्या खरं निघू शकतं.

वहीला पाच रकाने होते. तारीख, वेळ, तारा, आकडा, आणि शेवटचा शेऱ्याचा. त्यात काकू आपल्या मनाने लिहीत: धुकं आहे, चांदणं फार आहे, वारा आहे. तो रकाना तक्त्यावर जात नसे. तो कुणीच वाचत नसे.

आता तांबडीबद्दल सांगायला हवं. तांबडी म्हणजे एक लालसर तारा, संध्याकाळच्या आभाळात बरेच महिने सापडणारा. काकांनी तिच्यावर तीस वर्षं नजर ठेवली होती, आणि काकू तिला सवत म्हणत. "जा, सवत आली वाटतं उगवून." काका आत्ताशा हसत नसत, कारण तांबडी आता थट्टेचा विषय राहिली नव्हती. वर्षाच्या शेवटी काकू जो आलेख काढत तो तेवीस वर्षं आठ पूर्णांक तीनच्या आसपास जरा वर, जरा खाली असा चालला होता. मग तो चढायला लागला. आठ दोन. आठ एक. सात वर्षांत सात नऊ. तारा उजळत होता. इतकी वर्षं निमूट बसलेली तांबडी काहीतरी करायच्या बेतात होती, आणि ते जगात एका माणसाला दिसलं होतं, आणि तो माणूस चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कड घासत बसला होता. अशा वेळी माणसाची छाती फुगणारच. काकांना मूलबाळ नव्हतं, नाव नव्हतं, बढती नव्हती. त्यांच्याकडे एक डोळा होता आणि त्या डोळ्यावरचा विश्वास. तो खरा ठरणार की खोटा, एवढाच प्रश्न आता त्यांच्या आयुष्यात उरला होता.

निरीक्षकांच्या मंडळाच्या सचिवबाईंचं पत्र आलं ते याच मुद्द्यावर. बाई स्वतः कॅमेऱ्याने मोजणाऱ्या. पत्र फार अदबीचं होतं, म्हणजे वाईट बातमीचं. कॅमेऱ्यांच्या मते तारा सात वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे. आपल्या निष्ठेबद्दल शंका नाही. परंतु वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं, ते निळा प्रकाश अडवतं, शेजारचे निळसर तारे मंद दिसू लागतात आणि त्यांच्या तुलनेत लाल तारा उजळ भासतो. कृपया डोळे तपासून घ्यावेत. तोवर आपले गेल्या सात वर्षांचे आकडे वेगळे ठेवत आहोत.

"वेगळे म्हणजे कुठे?" काकूंनी विचारलं.

"वेगळे म्हणजे टोपलीत," काका म्हणाले.

त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. मोतीबिंदू होता, हे त्यांना ठाऊक होतं. दुकानाच्या मालकाने दोन वर्षांपूर्वीच तपासून सांगितलं होतं, "काका, दिव्याखाली अंधार. जगाला चष्मे घालता आणि तुमचा मोतीबिंदू पिकत चाललाय. काढून टाका." पण काका ऐकतात कसले. एकच माणूस, एकच डोळा, एकच दुर्बीण, तरच आकड्यांची माळ अखंड. तांबडी रंगात आली असताना मधेच डोळा बदलायचा म्हणजे शर्यतीत घोडा बदलायचा. शिवाय त्यांचं म्हणणं असं की धूसर झालं तर सगळंच धूसर होईल, तांबडी आणि तिचे शेजारी सारखेच. तुलना कशी बिघडेल? ऐकायला बरोबर वाटतं. मालकालाही बरोबर वाटलं होतं.

त्याच दिवशी, पत्र अजून टेबलावर उघडं पडलेलं असताना, काकू खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, जरा माझे डोळे बघता का? खालची शिलाईवाली म्हणते पिवळे दिसतात."

शिलाईवाली खालच्या मजल्यावर कपडे शिवायची, आणि दोरा ओवताना लोकांच्या घरातलंही ओवून घ्यायची, असं काकांचं मत होतं. तरी ते उठले. माणूस कामात चोख. बायकोची हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला, अंगठ्याने खालची पापणी ओढली, एक डोळा बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. बाहेर लख्ख दुपार होती.

"पांढरे आहेत," ते म्हणाले. "स्वच्छ पांढरे."

"नक्की?"

"तीस वर्षं मी रंगच बघतोय. शिलाईवालीला सांग, दोरा बघ म्हणावं."

काकू हसल्या. आरशात त्यांना स्वतःलाही जरा तसं वाटलं होतं, पण आरसा जुना, आणि आपल्या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं. घरात बघायचं काम ज्याचं त्याने बघितलं होतं. त्या निर्धास्त झाल्या.

आणि काकांना तर आनंदच झाला. अगदी पुरावाच हाती आला होता. माझं भिंग पिवळं झालं असतं तर मला सगळं पिवळं दिसलं असतं की नाही? मला बायकोचे डोळे पांढरेशुभ्र दिसताहेत. म्हणजे माझं भिंग ठीक आहे. त्यांनी त्याच दुपारी सचिवबाईंना उत्तर लिहिलं आणि हे वाक्य त्यात जसंच्या तसं घातलं: माझ्या पत्नीच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला अत्यंत स्वच्छ पांढरा दिसतो, आपण निश्चिंत असावे. पिवळ्या काचेतून वर्षानुवर्षं बघणाऱ्याला पिवळंच पांढरं वाटायला लागतं, हे भिंगात जन्म काढलेल्या माणसाला सुचू नये, याला काय म्हणावं?

खरं तर सुचायला जागा होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला काकूंनी मागच्या वर्षी आकाशी रंग सांगितला होता, आणि रंगाऱ्याने काहीतरी मळकट राखाडी फासलं म्हणून काका त्याच्याशी तावातावाने भांडले होते. रंगारी डबा दाखवत होता, काकू म्हणत होत्या, अहो आकाशीच आहे. काकांनी दोघांचंही ऐकलं नव्हतं.

पुढचे सात आठवडे नेहमीसारखे गेले, किंवा काकांना तसं वाटलं. काकू जिन्यात थांबत थांबत वर येत. वय झालं, काका म्हणत. लिहिताना त्या सारख्या हात खाजवत, त्यामुळे मांडीवरची बॅटरी हलायची आणि लाल उजेड काकांच्या डोळ्यावर यायचा. "अगं, एक जागी बस ना जरा," ते करवादायचे. काकू हात पदराखाली घेऊन बसायच्या. जेवण कमी झालं होतं. कुणी काही बोललंच तर त्या म्हणत, "यांनी बघितलंय, काही नाही." शिलाईवाली एकदा पुन्हा म्हणाली, पण काकांचा निरोप तिला पोचला होता, त्यामुळे ती पुढे बोललीच नाही.

शेवटी काकांनीच ऑपरेशनची तारीख घेतली. दिव्याभोवती आता गोल वलयं दिसत होती आणि तांबडीच्या शेजारचा मंद तारा सापडेना. आणि मनातलं खरं कारण वेगळं होतं. नवा स्वच्छ डोळा मिळाला की तांबडी आणखी उजळ दिसेल, मग सचिवबाईंच्या नाकावर टिच्चून आकडा पाठवायचा. सकाळी मालक गाडी घेऊन आला, खालूनच हॉर्न वाजवला. काकू म्हणाल्या, "मी नाही येत, जिना नको वाटतो." डोळ्यांचा दवाखाना गल्लीपासून लांब नव्हता. दुपारी काका उजव्या डोळ्यावर पट्टी लावून परत आले आणि सूर्य बुडेपर्यंत खोलीत डोळे मिटून पडून राहिले. पट्टी संध्याकाळी काढा, वाकू नका, डोळ्याला काही लावू नका, असं त्यांना बजावलं होतं. त्यातलं पट्टीचं तेवढं त्यांनी ऐकलं, आणि तेही आपल्या पद्धतीने. नव्या डोळ्याची पहिली नजर तांबडीवर पडायला हवी, हा त्यांचा हट्ट. अंधार पडल्यावर, लाल बल्बच्या उजेडात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी काकूंकडून पट्टी काढून घेतली. छप्पर आधीच मागे सरकलं होतं.

आभाळ असं दिसेल हे ते विसरूनच गेले होते. सगळे तारे टोचल्यासारखे बारीक, आणि कितीतरी निळे. काकांना रडू येईल असं वाटलं. मग त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तांबडीवरून शेजाऱ्यांवर, शेजाऱ्यांवरून परत तांबडीवर नजर फिरवत राहिले.

"सांगा," काकू म्हणाल्या.

"आठ तीन."

नियमाप्रमाणे काकूंनी आकडा परत म्हणायला हवा होता. त्यांनी पेन वहीवरून उचललं. मग त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. "परत बघा," त्या म्हणाल्या. "नवीन डोळा आहे. सरावायचाय अजून."

काकांनी परत बघितलं. आठ तीन. शेजारचे निळे तारे आता भरपूर तेजाने पेटलेले, आणि त्यांच्यामध्ये तांबडी आपल्या जुन्या जागी, जुन्या तेजाने, निमूट. मग त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डावा लावला. तोही पिकलेलाच होता, त्याची पाळी महिन्याने होती. डाव्या डोळ्याने शेजारी विझले आणि तांबडी फुलली. सात नऊ. उजवा, आठ तीन. डावा, सात नऊ. त्यांनी पाच वेळा बघितलं. ते निरीक्षक होते आणि एवढं पुरेसं होतं.

ते जमिनीवरच बसले. "सात वर्षं," ते म्हणाले, "मी माझा मोतीबिंदू मोजत होतो."

खाली बसणं काकूंना जमेना, म्हणून त्या स्टुलावरूनच म्हणाल्या, "तारा कुठे गेलाय? जागेवर आहे. तुम्हीही जागेवर आहात."

"माझ्या डोळ्याला आता कुत्रं विचारणार नाही."

"मी विचारेन," काकू म्हणाल्या. "तुमच्या नजरेला मी कधी नाव ठेवलंय?"

त्या भिंतीला धरून एकेक पायरी उतरून गेल्या. काका वरच बसून राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, तोंडात कडू चव येईल इतकी. सचिवबाईंना पाठवलेलं उत्तर आठवून त्यांनी अंधारात कपाळावर हात मारून घेतला. माणसाचं व्हायचं तेवढं वाईट होऊन गेलं, असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं. बिचाऱ्याला अजून काही माहीतच नव्हतं.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन घरात आलं होतं. काका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थांबले. भिंत आकाशी होती. साधी, स्वच्छ, आकाशी. त्यांना त्या अवस्थेतही हसू आलं. रंगाऱ्याला शोधून माफी मागायला हवी.

"अगं," ते म्हणाले, "भिंत आकाशीच आहे."

"मग वर्षभर मी काय सांगत होते?" असं म्हणत काकू ओट्याकडून वळल्या, हातात चहाचा कप.

काका बघत राहिले.

आधी त्यांना वाटलं, उन्हाचा दोष. मग नव्या डोळ्याचा. काकूंचा हात कपाच्या पांढऱ्या कडेवर होता आणि कप पांढरा होता. हात पिवळा होता. चेहरा पिवळा होता. आणि डोळे, ज्यांच्यात त्यांनी हनुवटी धरून बघितलं होतं, ते पिकल्या लिंबासारखे पिवळे होते.

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला. डाव्या डोळ्याने समोर त्यांची बायको उभी होती, रोजची, जरा वाळलेली, पांढऱ्या डोळ्यांची. त्यांनी हात काढला. पिवळी. हात ठेवला. रोजची. काल संध्याकाळी ताऱ्यावर केलेली तीच परीक्षा ते बायकोवर करत होते, आणि या खेपेला डाव्या डोळ्यावरच थांबून राहावं असं त्यांना फार वाटलं.

"असे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "शिलाईवालीसारखे?"

पुढे सगळं भराभर झालं. मालकाची गाडी, मोठं हॉस्पिटल, रक्त, पोटाचे फोटो. तपासण्या चालू असताना काका बाकावर बसले होते आणि काकूंची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. पिशवीत वही होती. वही जाईल तिथे काकूंसोबत जायची. नियम पाळण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती उघडली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि आकड्यांकडे न बघता शेवटचा रकाना वाचत गेले.

वारा आहे. आभाळ स्वच्छ. धुकं. आभाळ स्वच्छ, हात खाजतात. आभाळ स्वच्छ, पायही खाजतात, झोप नाही. ढग येऊन जाऊन. जिन्यात दोनदा बसले, यांना कळलं नाही, बरं झालं. मग एका तारखेपुढे, तांबडीच्या सात नऊच्या शेजारी, बारीक अक्षरात: शिलाईवाली म्हणते डोळे पिवळे. यांनी पाहिले. पांढरे आहेत. काळजी मिटली.

त्याच्या खाली सात आठवड्यांच्या नोंदी होत्या. त्यांत पुन्हा खाजेचा उल्लेख नव्हता. निरीक्षकाने निकाल दिल्यावर लिहिणाऱ्याने कशाला लिहायचं?

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. ते काकांना बाजूला घेऊन सांगणार होते, पण काकू म्हणाल्या, "माझ्यासमोर सांगा. मला लिहून घ्यायची सवय आहे." डॉक्टरांनी सांगितलं. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. ती आता रक्तवाहिन्यांभोवती पसरली होती, तिला हात लावता येणार नव्हता. नळी मोकळी करून कावीळ उतरवता येईल, खाज थांबेल. बाकी काही महिने.

"दीड-दोन महिने आधी आला असतात," डॉक्टर म्हणाले आणि तिथेच थांबले. भला माणूस असावा. मग वहीकडे बघत म्हणाले, "इतकी कावीळ. घरात कुणाच्याच लक्षात आली नाही?"

"आली होती की," काकू म्हणाल्या. "यांनी नीट उजेडात बघितलं होतं. तेव्हा पांढरे होते. नंतर झाले असणार. यांची नजर चुकत नाही, डॉक्टर, तीस वर्षं मी लिहून घेतेय."

काकांनी त्यांच्या हातातली वही हळूच उघडली, ते पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड," ते म्हणाले. "आणि लिही, पिवळे."

काकूंनी वाकून आपलंच अक्षर वाचलं. तारीख वाचली. मग काकांकडे बघितलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून हळूहळू काहीतरी उतरत गेलं, ते काकांना नव्या डोळ्याने अगदी स्पष्ट दिसलं. सांगितलेला आकडा परत म्हणायची त्यांची रीत होती. त्यांनी तो शब्द परत म्हटला नाही.

"लिहिलेलं खोडायचं नाही," काकू म्हणाल्या. "तुमचाच नियम आहे."

त्यांनी वही मिटली आणि पिशवीत ठेवली.